अवेळी वाजलेली घंटा

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात माझी ओळख करून देताना सुनंदा, म्हणजे माझी बायको, "हे डॉक्टर आहेत" एवढंच म्हणायची आणि घाईघाईने बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळायची. समोरचे गृहस्थ मग आपुलकीने विचारायचे, "वा! कुठली स्पेशालिटी?"

"गाई," मी म्हणायचो.

ते आधी हसायचे. विनोद नाही हे लक्षात आलं की म्हणायचे, "ओह, इंटरेस्टिंग!" आणि थोड्या वेळाने त्यांनाही बटाटेवड्यांची आठवण व्हायची. आमचा निखिल तेव्हा मिडल स्कूलमध्ये होता. तो गाडीतच बजावून ठेवायचा, "डॅड, प्लीज डोन्ट टेल द काऊ स्टोरीज." आता तोच निखिल कॅरी गावातल्या त्याच्या घरी ऑफिसातल्या लोकांना बोलावतो तेव्हा म्हणतो, "बाबा, टेल देम द मॅग्नेट वन." कालाय तस्मै नमः.

मॅग्नेटचीच सांगून टाकतो, म्हणजे निखिलच्या मित्रांइतकी तरी तुमची करमणूक होईल. गाय चारा निवडून खात नाही, सरळ गिळते. चाऱ्यातून खिळा, तारेचा तुकडा पोटात गेला तर तो पुढे सरकून काळजाला टोचू शकतो. म्हणून आम्ही बोटाएवढं लोहचुंबक गाईला गिळायला लावतो. ते जन्मभर पोटात बसून राहतं आणि खिळे धरून ठेवतं. मी हजारो गाईंना लोहचुंबक भरवलं आहे. मंडळातल्या एका कार्डिऑलॉजिस्टला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "यार, आमच्या पेशंटना असं काही देता आलं असतं तर!" त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या करिअरवर लिहा" अशी गळ घातली. करिअर कसलं आलंय! ऐन ऐंशीच्या दशकात, जेव्हा आपली मंडळी शहरांत टाय लावून प्रेझेंटेशन करत होती, तेव्हा मी विस्कॉन्सिनमधल्या लिंडेनफील्ड नावाच्या खेड्याच्या आसपास रबरी बूट घालून हिंडत होतो. एक चर्च, एक शाळा, धान्याचं उंच कोठार, एक बार आणि चारी बाजूंना मक्याची शेतं आणि गोठे. लोक बहुतेक जर्मन वंशाचे. आजोबा-पणजोबांनी जंगल तोडून जमीन केलेली. बोलणं मोजकं. "बरं आहे" म्हणजे उत्तम, आणि "वाईट नाही" म्हणजे तर कौतुकाचा कळस.

पहिल्या हिवाळ्यात मला कुणी बोलवेना. मग एकदा, मी ज्यांच्या हाताखाली होतो त्या मोठ्या डॉक्टरांची गाडी बर्फात अडकली आणि नाइलाजाने मला फोन आला. गाय नुकतीच व्यायलेली, आडवी पडलेली, मान पोटाशी दुमडलेली, अंग गार. मालकाने तिची आशा सोडली होती. व्यायल्यावर सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि गाय अशी मरणपंथाला लागते. मी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. गाय ढेकर देऊन उठली आणि चालायला लागली. यात माझं कर्तृत्व शून्य, कुठल्याही व्हेटने हेच केलं असतं. पण रविवारी चर्चबाहेर बातमी पसरली की इंडियातल्या डॉक्टरने मेलेली गाय उठवली. मी खुलासा करत बसलो नाही. आयता आलेला मान कोण नाकारतो?

ओटो क्रेमरचा मला पहिला फोन आला तो या कीर्तीमुळेच. साठीच्या पुढचा, उंच, सदा खोकणारा माणूस. वर्षानुवर्षं बुरशी लागलेल्या गवताची धूळ फुप्फुसात गेलेली. मला बघून म्हणाला, "तुमच्या देशात गाईची पूजा करतात म्हणे?"

"करतात."

"चांगलं आहे. म्हणजे बोलावलं की येशील."

त्याची बायको लीना हसली. ओटो हसला नाही, पण त्याने पुढच्या आठवड्यात मला पुन्हा बोलावलं.

ओटोच्या शेताला लागूनच त्याच्या धाकट्या भावाचं, एमिलचं शेत होतं. एमिल एकटा राहायचा, लग्न केलं नव्हतं. बापाच्या जमिनीचे दोन वाटे, मधे तारेचं कुंपण. त्या भागात कुंपणाचा एक जुना रिवाज आहे: दोघा शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने सांभाळायचा. हे दोघे आपापला अर्धा भाग अगदी चोख ठेवत. पण ओटो कुंपणापाशी दिसला की एमिल तिथे फिरकत नसे, आणि एमिल दिसला की ओटोला गोठ्यात काहीतरी काम निघे. तीस वर्षांहून जास्त काळ भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

मी दोघांकडेही जायचो. आता मी मूळचा कराडजवळचा. भाऊबंदकी मला कुणी शिकवायला नको. माझे वडील आणि काका बांधावरून भांडले आणि तो अबोला काका जाईपर्यंत टिकला. त्यामुळे हे प्रकरण माझ्या ओळखीचं आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एक दिवस ओटोच्या गाईची गर्भतपासणी करता करता, म्हणजे खांद्यापर्यंत हात आत असताना, मी शहाणपण शिकवलं. म्हटलं, "ओटो, फूटभर जमीन इकडे की तिकडे, वर जाताना कुणी सोबत नेत नाही."

ओटोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाईच्या भलत्याच टोकाला उभा आहे. "कुठली जमीन?" तो म्हणाला. "जमिनीचं काय झालं?" आणि निघून गेला.

लीना मला गाडीपर्यंत सोडायला आली. "डॉक, ते जमिनीवरून नाहीये," ती म्हणाली. "घोड्यांवरून आहे."

मग तिने सांगितलं. या दोघांच्या बापाची नांगराची जोडी होती, दोन भले थोरले घोडे. एमिल लहानपणापासून त्यांच्यातच असायचा. बाप गेला तेव्हा एमिल कोरियाच्या लढाईवर होता. शेत ओटोवर पडलं. ट्रॅक्टर आला होता, घोडे म्हातारे झाले होते, घरात गवत पुरत नव्हतं. त्या काळी मिंक नावाच्या प्राण्यांचे फार्म असत, फरसाठी. त्या मिंकना खायला म्हातारे घोडे विकत घेत. ट्रक दारात यायचा. ओटोने घोडे त्या ट्रकला दिले. एमिल लष्करातून सुटून घरी आला, खांद्यावरची पिशवी अंगणातच टाकून आधी तबेल्यात गेला. तबेला झाडून, चुना मारून स्वच्छ केलेला होता. तो बाहेर आला तेव्हापासून भावाशी बोललेला नाही.

"ओटो तरी काही म्हणाला का त्याला?" मी विचारलं.

"त्याने चुना मारला," लीना म्हणाली. "त्याला तेवढंच जमतं."

मला माझीच लाज वाटली. आपल्याकडे भावाभावांत बांध येतो, म्हणून जगात सगळीकडे बांधच असणार, असं मी धरून चाललो होतो. पुढे कित्येक दिवस मी ओटोकडे फक्त गाईंविषयी बोललो.

त्याच सुमारास गावाला शंभर वर्षं होत होती. उन्हाळ्यात मोठा समारंभ ठरला आणि त्यासाठी गावाचं पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक घराण्याच्या आठवणी, जुने फोटो, कोण कुठल्या जहाजाने आलं, पहिली शाळा कुणी बांधली. पुस्तकाचं काम निवृत्त शिक्षिका मिस वॉल्श यांच्याकडे होतं. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. फक्त क्रेमर बंधू म्हणाले, "आम्हाला काही आठवत नाही."

मिस वॉल्शनी मला कॅफेत गाठलं. त्यांच्याजवळ एक फोटो होता. ओटोचा बाप लगाम धरून उभा, दोन प्रचंड घोडे, एकाच्या पाठीवर चड्डीतला एमिल आणि शेजारी काठी घेतलेला ओटो. दोघेही तोंडभर हसतायत. ओटोला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"शंभर वर्षांतला हा सगळ्यात चांगला फोटो आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात कुठलाही फोटो नावांशिवाय छापला जाणार नाही, आणि घोड्यांची नावं दोघेही सांगत नाहीत. एमिल उठून जातो, ओटो खोकतो. डॉक, गोठ्यात माणसं बोलतात. तुम्ही विचारा ना."

मी म्हटलं, "मॅम, माझा एक शहाणपणा आधीच अंगाशी आला आहे."

त्या म्हणाल्या, "मग घाई करा. ओटो जातोय."

तेव्हा मला कळलं. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी ओटोला कोरड्या हवेत जायला सांगितलं होतं. मुलगी ॲरिझोनात, चँडलरला होती. उन्हाळ्यानंतर गाई विकून दोघं तिकडे जाणार. आणि त्या फुप्फुसांनी तो परत येणार नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. एमिललाही. कुंपणाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे, आणि हाताशी एक उन्हाळा. माझ्या वडिलांना काका गेल्याचं कुणी सांगितलं तेव्हा ते फक्त "गेला का" म्हणाले होते आणि रात्री जेवले नव्हते. मला इथे तसं व्हायला नको होतं, पण माझ्या हातात काय होतं?

मार्चअखेरची सकाळ. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. लीनाचा फोन आला, ग्रेटा नावाची गाय पहाटेपासून अस्वस्थ आहे, कळा देत नाही. मी जाऊन हात घातला. वासरापर्यंत हात पोचेना. वाट पुरचुंडीच्या तोंडासारखी पिळलेली. गर्भाशयालाच पीळ पडला होता.

याचे उपाय दोन. एक म्हणजे पोट फाडायचं. दुसरा जुना उपाय जरा गमतीचा वाटेल. गाईला दोराने हळूच आडवं पाडायचं, कुशीवर लांब फळी ठेवून तिच्यावर एकाने उभं राहायचं, म्हणजे आत वासरू जागच्या जागी दाबून राहतं. मग पुढचे पाय एकाने आणि मागचे पाय एकाने दोर बांधून ओढायचे आणि गाईलाच वासराभोवती उलटवायची. पीळ सुटतो. पण दोन्ही दोर एकाच क्षणी ओढले गेले पाहिजेत. पुढचा भाग आधी आणि मागचा नंतर फिरला तर सगळी मेहनत पाण्यात.

फळीवर मी, डोक्याशी लीना, एका दोराला ओटो. चौथा माणूस? त्या दिवशी पलीकडच्या गावात कुणाच्या तरी शेतीच्या अवजारांचा लिलाव होता आणि सगळे पुरुष तिकडे गेलेले. लीना फोन करून आली. कुठेच कुणी उचलत नव्हतं.

"एमिलची गाडी दारात आहे," ती म्हणाली. "तो यंत्राच्या शेडमध्ये असेल. त्याला फोन ऐकू जाणार नाही."

लीनाने ओटोकडे पाहिलं, हात ॲप्रनला पुसले आणि अंगणात गेली.

तिथल्या प्रत्येक जुन्या शेतघराच्या अंगणात खांबावर एक घंटा असते. पूर्वी जेवणाच्या वेळी शेतातल्या माणसांना बोलवायला वाजवत. पण ती अवेळी वाजली तर अर्थ वेगळा. आग, अपघात, मरण. अवेळी घंटा ऐकली की ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं टाकून यायचं. घर कुणाचं, त्याच्याशी आपलं बरं आहे की नाही, हे बघायचं नाही. टेलिफोन आल्यापासून घंटा कुणी वाजवत नव्हतं. लीनाने ती दोन्ही हातांनी वाजवली.

एमिल कुंपण ओलांडून धावत आला. त्या वयात तारेवरून कसा चढला कोण जाणे, बाही फाटली होती. गोठ्याच्या दारात थबकला. ओटो उभा आहे, लीना उभी आहे, आग कुठेच नाही हे त्याने पाहिलं. मग गाय पाहिली. त्याने जाकीट काढून खुंटीला अडकवलं आणि दोर उचलला.

"डॉक," ओटो मला म्हणाला, "त्याला सांग, दोर गुडघ्याखाली बांध."

एमिल त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. मी म्हटलं, "एमिल, गुडघ्याखाली बांध."

"त्याला सांग," एमिल म्हणाला, "मला माहीत आहे."

"ओटो, त्याला माहीत आहे."

आयुष्यात मी बरीच भाषांतरं केली असतील, पण इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर तेवढं एकदाच. आमच्या घरी वडील भिंतीला सांगायचे आणि काका ऐकायचे. तिथे भिंतीच्या जागी मी होतो.

मी फळीवर चढलो आणि म्हटलं, "वन, टू, थ्री!" एमिलने झटक्यात ओढलं. ओटो खोकत होता, त्याचा दोर मागून आला. गाय उलटली खरी, पण मी हात घालून पाहिलं तर पीळ तसाच. तिला परत पहिल्या कुशीवर घेतलं. दुसऱ्यांदा ओटो घाईने आधी ओढून बसला. एकमेकांकडे बघायचं नाही असं ठरवलेली माणसं एका वेळी ओढणार कशी! गाय दमली होती. लीना तिच्या मानेवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, "अजून एकदा बघू, नाहीतर मी पोट उघडतो. पण आत वासरू जिवंत राहील असं सांगत नाही."

तिसऱ्यांदा मी आकडे मोजायला तोंड उघडलं तेवढ्यात ओटोने आवाज दिला. मोठा, लांबवलेला, त्या फुप्फुसांतून येईल असं वाटणार नाही असा.

"मॅऽऽक्स! बेऽऽला! हप!"

आणि त्या "हप"ला दोन्ही दोर एकदम ताणले गेले. गाय माझ्या पायाखाली गर्रकन उलटली. मी फळीवरून थेट शेणात. उठून हात घातला तर वाट मोकळी, वासराचे दोन पाय हाताला लागले.

वासरू ओढायला आणखी थोडा वेळ गेला. कालवड होती, काळीपांढरी, ओढून काढल्यावर आधी शिंकली. लीनाने तिला पोत्याने पुसायला घेतलं. आम्ही तिघे दुधाच्या खोलीत नळावर हात धुवायला गेलो. बापाने ज्या हाकेने घोडे नांगराला लावले, तीच हाक होती ती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

एमिल नळाकडे तोंड करून हात धूत होता. तसाच, मागे न बघता म्हणाला, "दोघं एकत्र गेले?"

मी तोंड उघडणार होतो, सवयीने. पण प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

ज्यांनी जोडीची जनावरं पाळली आहेत त्यांना हा प्रश्न कळेल. जन्मभर एका जुवाखाली चाललेल्यांतलं एक नेलं तर मागे राहिलेलं चारा सोडतं. तीस वर्षं हा माणूस तेवढंच मनात धरून बसला होता.

ओटोने टॉवेल घडी केला. "एकत्र," तो म्हणाला. "बेला आधी चढली. मॅक्स तिच्यामागे आपला आपण गेला. कुणी ढकललं नाही."

"तू होतास?"

"होतो. ट्रक चर्चच्या वळणापलीकडे जाईपर्यंत रस्त्यात उभा होतो."

एमिलने नळ बंद केला. "मग ठीक," तो म्हणाला.

झालं. मिठ्या नाहीत, अश्रू नाहीत. निदान त्यांचे नाहीत, मी मात्र डोळ्यांत साबण गेल्याचं निमित्त केलं. लीनाने दारातून "कॉफी" अशी हाक मारली आणि एमिल स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बूट काढायला लागला. गाठ चिखलाने घट्ट झाली होती. ओटो त्याच्यासाठी दार धरून उभा राहिला, आणि बाहेरची थंडी आत येत असूनही लीना एकदाही ओरडली नाही.

मिस वॉल्शना घोड्यांची नावं मी सांगितली नाहीत. मी म्हटलं, "जाऊन विचारा, आता सांगतील." त्या वही घेऊन गेल्या. पुस्तकात फोटोखाली छापलं आहे: "मॅक्स आणि बेला. सोबत त्यांचे वडील, ओटो आणि एमिल." "अरे, 'त्यांचे' म्हणजे घोड्यांचे वडील झाले की!" मिस वॉल्शनी हरकत घेतली होती. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओटो म्हणाला, "राहू दे तसंच." समारंभात दोघे एकाच बाकावर बसून बटाट्याचं सॅलड खात होते. फार बोलत होते असं नाही. वाईट नव्हतं.

पानगळीत ओटोच्या गाई विकल्या गेल्या. ती कालवड तेवढी कुंपणापलीकडे एमिलकडे गेली. ओटो आणि लीना चँडलरला गेले. घर बंद झालं.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी जवळच्याच एका गोठ्यात होतो. एका अडलेल्या गाईचं वासरू नुकतंच बाहेर काढलं होतं. घंटा ऐकू आली. गोठ्याचा मालक ताठ झाला. "क्रेमरांची घंटा," तो म्हणाला. "पण तिथे कुणी राहत नाही."

आम्ही तसेच निघालो. आम्ही पोचलो तेव्हा चार-पाच ट्रक आधीच आले होते आणि मागून येतच होते. कुणी आग विझवायचा सिलिंडर घेऊन उतरला, कुणी दोर, कुणी नुसताच गाऊनवर कोट चढवून. रिकाम्या घराच्या अंगणात, बर्फात, एमिल घंटेची दोरी हातात धरून उभा होता.

"काय झालं? कुठे आहे आग?" कुणीतरी ओरडलं.

"आग नाही," एमिल म्हणाला. "ओटो गेला. लीनाचा फोन आला." मग जरा थांबून, माफी मागितल्यासारखं म्हणाला, "करायचं काही नाहीये. नुसतं या म्हणून वाजवली."

सिलिंडरवाल्याने सिलिंडर बर्फात ठेवला. माझ्या हातात वासरू ओढायच्या साखळ्या होत्या, त्या मी खिशात घातल्या आणि टोपी काढली. घरोघरी कामं तशीच पडली होती. तरी बराच वेळ कुणीही परत निघालं नाही.